टिंब झाकायची यादी

प्रिय ताई,

तू पाठवलेलं पुस्तकाचं पहिलं पान मिळालं आणि आप्पांची पत्रं टाइप करून होत आली, हे आधीच सांगतो. नाहीतर म्हणशील, भिंगरी पुन्हा भरकटली. रंगाचं दुकान सोडलं, आता भाषांतराच्या ऑफिसात चिकटलोय. माझं टेबल खिडकीशी आहे. समोरच्या गच्चीवर एक बाई रोज त्याच चादरीशी झटापट करते, आणि वारा... ते जाऊ दे.

इथलं काम म्हणजे मजकुरातलं एकेक वाक्य वेगळ्या ओळीवर आणायचं. हाताने करत बसलो असतो तर केस पिकले असते, म्हणून पायथन ही संगणकाची भाषा शिकलो, अर्धवटच, माझं सगळंच तसं. टिंब दिसलं की तोड, एवढं सांगायचं. पुस्तकासाठी तुला आप्पांची निवडक वाक्यं हवीत ना, म्हणून त्यांची पत्रंही त्यातूनच काढली. पहिल्याच पत्राला घोळ. एका ओळीवर नुसतं ‘चि’ आणि खालच्या ओळीवर ‘भिंगरीस अनेक आशीर्वाद’. खूप हसलो. मग हसू गेलं.

शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी उपाय सांगितला. अशा शब्दांची यादी करायची, तोडण्याआधी त्यांचं टिंब दुसऱ्या खुणेने झाकायचं, तोडून झालं की परत उघडायचं. यादीत डॉ., सौ., चि. घातले. आप्पा असते तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, टिंब काय म्हणतोस, पूर्णविराम म्हण. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी. लोकांच्या चुका खोडून घरी यायचे आणि दारात मी उभा. ‘या पोराला तेवढा पूर्णविराम ठाऊक नाही,’ असं पाहुण्यांना सांगायचे, तेही कौतुकाने, हे मला फार उशिरा कळलं.

काल तुझं पहिलं पान घातलं. दोन अक्षरांहून लहान ओळ आली तर कचरा समजून टाकून दे, असं मीच मध्यंतरी प्रोग्रामला सांगून ठेवलेलं. त्यामुळे तू लिहिलेलं ‘कै.’ गळालं आणि पडद्यावर फक्त ‘आप्पांची पत्रे’ उरलं. चूक माझीच. दुरुस्ती एका शब्दाची. दिवसभर बसलो, तो शब्द यादीत घालवेना.

ताई, आप्पांची बातमी आली त्या दिवशी रजा मिळाली नाही असं तुला कळवलं, ते खोटं होतं. दुकानाच्या मालकाने लगेच जा म्हटलं. तिकीट काढलं, पिशवी मांडीवर घेऊन स्टँडवरच्या बाकावर बसलो आणि एकामागून एक तीन बस जाऊ दिल्या. घरी पोचलो असतो तर ते खरं झालं असतं. तू एकटीने सगळं केलंस आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. शनिवारी सकाळच्या बसने येतोय. आप्पांच्या टेबलाशी तू माझ्या शेजारी बस. तेवढा शब्द मी तिथेच यादीत घालीन.

तुझाच, अजून ‘चि.’ असलेला,
भिंगरी