केयाची कबुली

२२ ऑक्टोबर २००६

फराळाचा डबा घेऊन रत्नाकडे गेले. खरं तर जायला नको होतं. तिची लेक केया आमच्या ड्रग कोर्टात आहे — नशेत सापडलेल्या मुलांना खटल्याऐवजी सुधारायची संधी देणाऱ्या — आणि ते चालवणारी मीच! पण अमेरिकेतल्या या अख्ख्या कॅरी गावातून यंदा दिवाळीला त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. राहवेना.

केया सोळाची. आईच्या ऑपरेशननंतरच्या पेनकिलर्स चोरून खायला लागली, मग बाहेरून घेताना पकडली गेली. आता पंधरा आठवडे स्वच्छ. आणखी तीन, की केस रद्द. माझे अनारसे तिने बशीत राहू दिले नाहीत.

२३ ऑक्टोबर

आजच्या लघवीच्या टेस्टमध्ये केया पॉझिटिव्ह! पट्टीवर दोन रेघा हव्यात, एकच आली.

"मावशी, आय डिडंट टेक एनीथिंग."

सगळेच असं म्हणतात. रागच आला तिचा. काल माझ्यासमोर बसून हसत होती!

२६ ऑक्टोबर

सुनावणी. कबूल केलं तर तीन दिवस डिटेन्शनची कोठडी, नाकारलं तर दहा — नियम मीच लिहिलाय. पट्टी इतकी कडक नको, कणभर अंशालाही पॉझिटिव्ह दाखवेल, असं लॅबवाला तेव्हा म्हणाला होता. मी हटून बसले होते.

केयाने नाकारलं. दहा दिवस.

बाहेर तिच्या बाबाने, शैलेंद्रने, मला गाठलं. "रेणूताई, ती खोटं बोलत नाहीये." कीव आली त्याची.

३० ऑक्टोबर

डिटेन्शनमध्ये केयाला भेटले. समजावलं — कबूल कर, गुरुवारी घरी जाशील.

२ नोव्हेंबर

केया उभी राहिली. "येस. आय यूज्ड."

खरं बोलणाऱ्यासाठी आमच्या कोर्टात टाळ्या वाजवतात. ही प्रथाही माझीच. सगळ्यांनी वाजवल्या, मीसुद्धा. शैलेंद्रने नाही.

रत्नाचा फोन आला होता. शैलेंद्र गाडीत लेकीशी एक शब्द बोलला नाही म्हणे. आठवडे आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

५ नोव्हेंबर

स्वयंपाकाचा कंटाळा. चहाबरोबर उरलेले तीन अनारसे खाल्ले. बोटांना खसखस चिकटली. झटकायला गेले आणि हात तसाच राहिला.

खसखशीने टेस्ट बिघडते, म्हणून काय खायचं नाही याची यादी आम्ही मुलांना देतो. बेगल आहे तीत, मफिन आहे. यादी मीच केली होती.

६ नोव्हेंबर

सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. स्वतःची टेस्ट केली. पाच मिनिटं थांबले.

एकच रेघ.