दुर्बीण मी नेली आहे

अहो,

पहाटे कुठे तुमचा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. मी किनाऱ्यावर जाते आहे. दुर्बीण माझ्याकडे आहे, शोधत बसू नका. चहा थर्मासमध्ये आहे. गोळी काहीतरी खाऊन मगच घ्या. काठी पलंगाला टेकवली आहे, पण तुम्हाला देवाची शपथ, एकट्याने जिना उतरू नका.

पाय मोडल्यापासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले असता. पावसाळ्यात कुरणातली टिटवीची पिल्लं बघायची राहिली, आता थंडीतले पाहुणेही तुमच्याशिवाय येऊन जातील, हे तुम्हाला खातंय. मला कळतं. पण घरात दोन माणसं असून मी दिवसभर देवाशीच बोलते. तोही नुसतं ऐकून घेतो.

काळजी करू नका, मी गुणगुणणार नाही. मागे तुमच्याबरोबर आले होते, तेव्हा नकळत अभंगाला टाळ्यांचा ठेका धरला आणि अख्खा थवा उडाला. "तुझं कीर्तन घरीच ठेव," म्हणालात. तेव्हापासून कीर्तनही घरी आणि मीही घरी. आज हात शालीत गुंडाळून बसेन.

मला पक्ष्यांची नावं येत नाहीत. टिटवी तेवढी कळते, तीही ओरडते म्हणून. तेव्हा चोच केवढी, पाय कुठल्या रंगाचे, चालतो कसा, सगळं नीट बघून येते आणि तुमच्याजवळ बसून सांगते. नाव मात्र तुम्हालाच सांगावं लागेल. चुकीचं सांगितलंत तरी चालेल, मला कुठे कळणार आहे?