डोळे शेवटी लावायचे

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मुक्काम ताईकडे. राहायचं तर माझं बोलणं ऐकून घ्यावं लागेल, असं तिने दारातच बजावलं. मी म्हटलं, साठ वर्षं ऐकतोय, आता कान निबर झालेत.

माझं सामान म्हणजे तीन पेट्या. एक कपड्यांची, दोन हत्यारांच्या. अडतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुकान विकलं, पण चिमटे, पकडी आणि भिंग सोडवेनात. ताईने कपाळाला हात लावला आणि पेट्या पुसायला फडकं आणून दिलं.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली बेकरी. पावाचा वास जिन्याने वर येतो आणि त्याच्या मागोमाग बेकरीवाल्याची भुरी मांजर. मला रस्त्याकडची खोली मिळाली. खिडकीखाली रुंद टेबल, डावीकडून भरपूर उजेड. दुकानात असा उजेड एक दिवसही लाभला नाही.

ताई आहे तशीच आहे. गुडघे गेले, केस गेले, जीभ शाबूत. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात तो तांबूस ठिपकाही तसाच. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, ताई अकराची. मला तिनेच वाढवलं. ओरडायची नाही, नुसतं बघायची, की मी जागचा हलायचो नाही. त्या ठिपक्यातून तिला माझ्या सगळ्या खोड्या दिसतात, अशी माझी पक्की समजूत होती.

तासाभरात पेट्या लावून मोकळा झालो, तर घाई कसली म्हणून ऐकून घेतलं. मग नेहमीचं पुराण. हा सातव्या महिन्यात जन्मला, आईच्या पोटातही याला दम निघाला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मी घरात बसून तिचं डोकं खाईन म्हणून ताईने मला एका शिकवणीत अडकवलं आहे. कसली, तर बाहुल्या करायची! गेलो तो तोंड वाकडं करून आणि आलो तो पिशवीभर कापड घेऊन.

बटणांच्या दुकानामागे एक लांबट खोली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे बाई शिकवतात. उंच, किडकिडीत, तोंडात कायम दोन टाचण्या. बाकी शिकणाऱ्या दोघी जावा. त्या शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकींशी माझ्यामार्फत बोलतात.

काम मात्र माझ्या हाताला बसेल असं आहे. कापडावर खडूने आखायचं, कापायचं, उलट्या बाजूने शिवायचं. मग सुलटं करून लाकडाचा भुसा ठासायचा. हातपाय जोडायचे ते लांब सुई अंगातून आरपार काढून, दोन्ही टोकांना बटणं लावून, दोरा करकचून आवळायचा. पाठीवर चार बोटं फट ठेवायची. बाई तपासतात आणि मगच ती शिवू देतात.

आणि डोळे सगळ्यात शेवटी. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, सुईकात्रीचं काम चाललेलं तिला दिसू नये. मी हसलो. जावांपैकी कुणी हसलं नाही.

बाहुली कुणाची ते कळावं म्हणून तिच्यावर नावाची चिठ्ठी शिवतात. माझ्या नावाची चिठ्ठी बाईंनी सुबक अक्षरात लिहून दिली. शाळेत पाटी मिळाली होती तेव्हा झाला होता तसा आनंद झाला. खोटं कशाला बोला.

८ फेब्रुवारी, रविवार

डोकं भरून झालं. धड अजून कापायचं आहे. पण तो कोरा चेहरा सोसवेना. काटे नसलेल्या घड्याळासमोर बसल्यासारखं वाटत होतं. शेवटी बाईंनी दिलेल्या डबीतून दोन तपकिरी काचेचे मणी घेतले आणि डोळे लावून टाकले.

बाई रागावतील, असं ताई म्हणाली. मी म्हटलं, बाहुलीची टोपी पुढे ओढून नेईन, कुणाला कळतंय. ताईने तिचं नाव ठेवलं ठकी. ठकीचं डोकं टेबलावर उजेडात उभं करून ठेवलं आणि तिच्यासमोरच तिचं धड कापायला घेतलं. सोबत झाली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ठकी जवळजवळ झाली. चांगली हातभर उंच आहे. काय मेहनत आहे या कामात! भुसा ठासताना दांडीवर अंगाचा भार टाकावा लागतो. लांब सुई एका खांद्यातून घातली ती दुसऱ्यातून बाहेर येईना, पकडीने खेचली. मान वाकडी बसली म्हणून दोनदा पिरगळून काढली आणि पुन्हा शिवली. पायाला चिठ्ठी शिवली. पाठीची फट तेवढी राहिली आहे. ताईने जुनी शाल फाडून झगा शिवून दिला आणि तिला मांडीवर घेऊन बसली. मी चिडवलं, तर म्हणाली, तुलाही असंच घेऊन बसायचे, तू जास्त रडका होतास.

दुपारी आम्ही दोघं तासभर आडवे होतो. उठून पाहिलं तर ठकीच्या बोटांना खडू लागला होता. माझाच हात लागला असणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शिकवणीला गेलो नाही.

दुपारी चार वाजता जिन्यात भुरी सापडली. आधी वाटलं, कुणाची खेळण्यातली मांजर पडली आहे. हात लावला तर बोटं लाल झाली. तिची कातडी काढून, उलटी शिवून, पुन्हा सुलटी करून आत भुसा ठासला होता. पाय जागेवर होते, पण बटणांनी जोडलेले. उरलेलं सगळं पायरीवर नीट ढीग करून ठेवलं होतं.

डोळ्यांवर दोन तपकिरी मणी शिवले होते. बारीक कामात माझी नजर फसत नाही. मण्यांच्या टाक्यांवरचं रक्त वाळलं होतं, बाकीच्या टाक्यांवरचं ओलं होतं. म्हणजे डोळे आधी शिवले. ती जिवंत असताना.

पाठीवर चार बोटं फट.

बेकरीवाला तिथेच पायरीवर बसून रडला. मग वर बघून मला विचारलं, ते बाहुल्या करणारे तुम्हीच ना? मी दार लावून घेतलं. माझ्या डबीत चार मणी कमी आहेत. दोन मी लावले होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठकीला घेऊन बाईंकडे गेलो. जावा निघून गेल्यावर तिची टोपी मागे केली. बाईंच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. डोळे कधी लावले, एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, तिने स्वतःचंच अंग कापलं जाताना पाहिलं हो. तिला वाटतं, जिवंत माणसाशी असंच वागायचं असतं. जे दिसेल ते शिकते.

डोळे काढले की थांबेल, म्हणाल्या. पण तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, तिला दिसू न देता काढावे लागतात. तुम्ही घाई करणारे, तुम्हाला जमणार नाही, मी काढते, उद्या सकाळी दहाला या. ठकीला त्यांनी ठेवून घेतलं. येताना मला हलकं वाटलं. लाज वाटते लिहायला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दहाला गेलो. दार लोटलेलं होतं.

बाई खुर्चीत होत्या. लांब सुई एका खांद्यातून घालून दुसऱ्यातून काढलेली. दोन्हीकडे मोठी काळी बटणं. दोरा इतका आवळलेला की खांदे छातीपुढे आले होते. कमरेतही तसंच. तोंडात भुसा, घशाखालपर्यंत ठासलेला, दांडी अजून तोंडातच होती. गळा फुगला होता. मान पूर्ण मागे फिरवून पुन्हा शिवली होती. पट्टी जमिनीवर पडली होती, गाठ सुटलेली. बाईंच्या डोळ्यांवर दोन मणी.

समोरच्या खुर्चीत ठकी. कोपरापर्यंत लाल.

मी ओरडलो नाही. कुणाला बोलावलं नाही. तिच्या पायाला माझ्या नावाची चिठ्ठी होती, तेवढीच मला दिसली. तिला पिशवीत कोंबलं आणि घरी आलो. बाई तशाच बसलेल्या ठेवून आलो.

हत्यारांची पेटी रिकामी करून तिला आत टाकलं. दोन कुलपं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. मलाही. मी त्या दिवशी तिकडे गेलोच नव्हतो म्हणालो.

दुपारी झोप लागली. उठलो तर पेटी उघडी. कुलपं तशीच होती, बिजागरीचे स्क्रू काढले होते. लहान ते मोठे, एका ओळीत मांडलेले. मी मांडतो तसे.

ठकी टेबलावर.

ताई झोपेतून उठून हसत बाहेर आली. तिला वाटलं, मीच चेष्टा केली. तिच्या दोन्ही दंडांवर खडूच्या रेघा. कोपरांवर गोल, बटणाची जागा. मानेभोवती ठिपके. पाठीवर चार बोटांची खूण.

ओल्या फडक्याने पुसलं. सगळं सांगितलं, बाईंचं, भुरीचं. इथून चल म्हटलं, पाया पडलो. गुडघे हे असे, कुठे जाऊ आणि का जाऊ, म्हणाली. तुझं डोकं ठिकाणावर नाही, डॉक्टरला दाखवू.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रेघा पुन्हा. या वेळी गडद.

मग मला राहवलं नाही. पकड घेतली, ठकीला टेबलावर दाबलं आणि उजवा डोळा उपटला. दोरे तुटले. मग डावा. तो निघेपर्यंत —

पट्टी.

पट्टी बांधली नाही मी. उजवा निघताना डाव्याने पाहिलं. पकड कशी धरायची, कुठे रोवायची, कसा पीळ द्यायचा —

पण आता आंधळी आहे. बाई म्हणाल्या होत्या, डोळे काढले की थांबेल. मणी बुटाखाली चिरडले. ती पडून आहे. हलत नाही. थांबेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळभर हलली नाही. म्हणून पाव आणायला खाली गेलो. दहा मिनिटं. दहाच मिनिटं —

जिन्यात होतो तेव्हा ताई किंचाळली. मग दुसऱ्यांदा.

पलंगावर बसली होती. हात हवेत. गालांवरून रक्त गळ्यापर्यंत, उशी भिजलेली. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. पकड मांडीवर, पुसून ठेवलेली.

बाळा, तू आहेस का, म्हणाली. लहानपणची हाक. काही दिसत नाही रे —

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात. जगेल म्हणतात. पट्ट्यांमधून रक्त येतंच आहे.

ताई सांगते, हात लहान होते. आधी चाचपडत होते. गाल, नाक, मग पापण्या. सापडल्यावर मात्र चुकले नाहीत. सराईत होते, म्हणाली. तुझ्यासारखे.

पोलिसांनी हे ऐकलं. माझे हात बघत होते. मी बाहेर असल्याचं बेकरीवाल्याने सांगितलं, म्हणून आज सोडलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई घरी जायचं म्हणते. सारखं तेच. माझ्या पलंगावर ने, तू हाताशी अस, मग डोळे नसले तरी चालेल. सोमवारी सोडतील.

सोमवारच्या आत ठकी संपली पाहिजे. जाळायची? पण काडी ओढलेली तिला दिसली तर — नाही, आंधळी आहे. आता कशी दिसेल. बारीक कातरून टाकायची. एक टाका एकसंध ठेवायचा नाही. मग ताईला आणायचं. उरलेलं आयुष्य तिचा हात धरून —

उद्या. दिवसाउजेडी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अकरा. सगळ्या खिडक्या उघड्या.

माझ्या टेबलावर बसली आहे. खिडकीकडे तोंड. मोठी कात्री घेतली. वहीही उघडली, लिहिलं की हात स्थिर राहतो, सवय आहे. मागून गेलो. पाठीची फट शिवलेली आहे. मी शिवली नाही.

डोकं वळवलं तिने.

डोळे आहेत. काचेचे नाहीत. ओले. बारीक टाक्यांनी बसवलेले, डाव्याच्या पांढऱ्यात तांबूस ठिपका.

ताई.

कात्री उचलली आहे. घालायची कुठे. ताईच्या डोळ्यांत कशी — मला जमत नाही. पट्टी तरी बांधू. खिशात आहे. हात नेववत नाही. ती नुसती बघते. ताई बघायची तसं. मी जागचा —

मनगटावर खडू. माझ्या. कोपरावर गोल. हे कधी —

उतरली. पकड घेतली. चिमटे, सुई, बटणं ओळीत मांडते आहे. लहान ते मोठं. तिला घाई नाही. माझ्यासारखी नाही. आधी डोळे, मग

सोमवारी ताईला आणू नका. कुणीही तिला इथे आ