पुढील नावाचा विचार व्हावा

२६ नोव्हेंबर १९७३, सोमवार

सापडलं! दोन वर्षांनी सापडलं — तेही त्यांच्याच फाइलीत, त्यांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवलेल्या!

घोडके सरांना जानेवारीतल्या परिसंवादात निबंध वाचायचाय. 'उच्च शिक्षणातील समान संधी : विविध राष्ट्रांचा तौलनिक विचार.' टायपिंग माझ्याकडे. म्हणाले, "नागम्मा, मजकूर ह्या निळ्या फाइलीत आहे. कात्रणंही आहेत, लागतील तशी बघ."

बघितली. कात्रणांच्या खाली दोन कागद, टाचणीनं जोडलेले.

पहिला दिल्लीचा, ऑगस्ट १९७१ चा. कु. नागम्मा गुरुबसप्पा बिराजदार, सोलापूर, यांची पूर्व जर्मनीतील शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे, कागदपत्रे पाठवावीत. दुसरा म्हणजे सरांच्या उत्तराची कार्बन कॉपी. 'सदर उमेदवाराचा विवाह निश्चित झाल्याने ती परदेशी जाऊ इच्छित नाही. प्रतीक्षायादीतील पुढील नावाचा विचार व्हावा.' खाली सही — जोतीराम घोडके, सदस्य, निवड समिती.

विवाह! कुणाशी हो सर?

मला स्टाफरूमच्या दारात उभं करून सांगितलं होतं, "तुझं नाव लागलं नाही बघ." मी मान डोलावली. वर्षभरानं ऑफिसात क्लार्कची जागा मिळाली तेव्हा "मीच शब्द टाकला" म्हणाले. मी ह्या माणसाला पेढे नेऊन दिले होते!

२७ नोव्हेंबर

दोन्ही कागद माझ्या पर्समध्ये. सर दोनदा टेबलाजवळून गेले. "जमतंय ना?" — जमतंय सर.

२९ नोव्हेंबर

अव्वाला सांगितलं. ती शेंगाची चटणी कुटत होती — दुकानदाराची माणसं पाचला यायची. मुसळ थांबलं. म्हणाली, "बिडु यव्वा, बिडु." सोड म्हणे! आप्पा गेल्यापासून माझी ही आई सगळंच सोडत आलीय. मग म्हणाली, "गेली असतीस तर मी हितं एकटी काय केलं असतं?"

तिच्यावर रागावता येत नाही. तो रागही सरांच्याच खात्यावर.

बी.एस्सी.ला रसायनात कॉलेजात पहिली होते मी. रंगाच्या कामाचं शिकायचं होतं. इथल्या चादरींचा लाल रंग चार धुण्यांत का उतरतो, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. जर्मनीतलं ड्रेस्डेन गाव नकाशात शोधून पेन्सिलीनं गोल केला होता. आता मी काय करते? आवक-जावक रजिस्टर भरते.

५ डिसेंबर

निबंधाची सात पानं झाली. काय एकेक वाक्य! 'समाजवादी राष्ट्रांत कामगारांच्या मुलांना विद्यापीठाची दारे प्रथम उघडली जातात.' 'अमेरिकेत कातडीच्या रंगावरून वर्गाबाहेर ठेवलेल्यांना आता प्रवेश द्यावा लागत आहे.' 'आपल्या देशात संधी कागदावर समान असते. ती कुणाच्या हातात पडते हे कागद वाटणारा ठरवतो.'

हे शेवटचं मी तीनदा वाचलं. कागद वाटणारा! लिहिताना हात कसा अडखळला नाही ह्यांचा?

१२ डिसेंबर

आधी वाटलं होतं, प्राचार्यांकडे जावं. पण ते दोघं एका पानातला विडा खाणारे. दार लावून घेतील, "बाळ, झालं गेलं" म्हणतील, आणि कागद त्यांच्या ड्रॉवरात जातील.

नको. माझं वाटोळं बंद खोलीत झालं. त्यांचं चारचौघांत होऊ दे.

१८ डिसेंबर

ठरलं. निबंधाच्या दीडशे प्रती सायक्लोस्टाइल करून पाहुण्यांना वाटायच्यात. स्टेन्सिल मीच कापणार. सर शेवटचं पान बघून सही करतात, त्यानंतर त्या गठ्ठ्याला कुणी हात लावत नाही. शेवटच्या पानानंतर दोन पानं जास्तीची. 'परिशिष्ट अ' — दिल्लीचं पत्र. 'परिशिष्ट ब' — सरांचं उत्तर. शब्दाला शब्द. माझ्याकडून एक अक्षर जास्तीचं नाही.

२ जानेवारी १९७४

परिशिष्ट ब ची स्टेन्सिल कापली. 'विवाह निश्चित झाल्याने' टाइप करताना यंत्राच्या की इतक्या जोरात मारल्या की कागद फाटला. दुसरा लावला.

१० जानेवारी

कोंडीबानं आज प्रती काढल्या. पंचवीस वर्षं शिपाई आहे, वाचता येत नाही; पण पानांचा हिशेब चोख. म्हणाला, "बाई, सरांनी अठरा पानं म्हनून सांगितलं हुतं. ही वीस हायती की!"

"परिशिष्ट आहे, कोंडीबा."

"त्ये काय असतंय?"

"विसरलेलं शेवटी जोडतात, ते."

१५ जानेवारी

अव्वा गड्ड्याच्या यात्रेला चल म्हणून मागं लागली. गेले. पाळणे, भांड्यांची दुकानं, गर्दी. सिद्धेश्वरापुढं हात जोडले आणि मागितलं ते इथंही लिहीत नाही. चांगलं नव्हतं एवढं खरं.

१९ जानेवारी, शनिवार

झालं!

हॉल भरलेला. पुण्या-मुंबईचे पाहुणे, जर्मनीचे एक गृहस्थ, दिल्लीहून शिक्षण खात्याचे एक अधिकारी. मी दाराजवळ उभी राहून स्वतःच्या हातानं प्रती वाटल्या. प्रत्येकाला नमस्कार केला!

सर छान वाचतात. खणखणीत आवाज. बाराव्या पानाला होते तेव्हा दिल्लीच्या अधिकाऱ्यानं प्रत शेवटाकडून चाळायला घेतली. थांबला. शेजारच्याला दाखवलं. मग ती पानं उलटण्याची सळसळ मागच्या रांगेपर्यंत आली. लोक सरांकडं बघत होते, पण ऐकत नव्हते. सरांनी नजर वर केली. आपली प्रत शेवटून उघडली.

मला वाटलं, आता ओरडतील, खोटं आहे म्हणतील. मी तयार होते — मूळ कागद पर्समध्ये होते.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "परिशिष्टात आहे ते खरं आहे." आणि खाली बसले.

जेवायला बसले तेव्हा मी दोनदा वाढून घेतलं. कित्येक दिवसांनी भूक लागली होती!

२१ जानेवारी

प्राचार्यांनी सकाळी बोलावून मला "कृतघ्न" म्हटलं. मी म्हटलं, नोकरीवरून काढताय का? लेखी द्या. आता मला काढायची हिंमत नाही कुणाची — पेपरात बातमी आलीय.

दुपारी सर टेबलाशी आले. दोन दिवसांत म्हातारे दिसायला लागलेत. "नागम्मा, मी खोटं लिहिलं. तुझ्याबाबतीत फार वाईट केलं. पण जागा एकच होती गं, आणि —"

मी टायपिंग सुरू केलं. कागदसुद्धा लावला नव्हता यंत्रात, नुसत्या की बडवत राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग ते गेले.

'पण' म्हणे! माझ्याकडं 'पण' ऐकायला दोन वर्षांपूर्वी वेळ होता.

४ फेब्रुवारी

घोडके सरांचा राजीनामा. आवक रजिस्टरला नोंद मीच केली. सुवाच्य अक्षरात.

२७ फेब्रुवारी

सर घर सोडून जेऊरला भावाकडं गेले. त्यांच्या पत्नीनं सामान बांधताना शेजाऱ्यांचा निरोपही घेतला नाही. कोंडीबा स्टेशनवर पोचवायला गेला होता. परत आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

१५ मार्च

चौकशीला दिल्लीचे तेच अधिकारी आले. तास-दीड तास माझा जबाब. बोलायला सभ्य. म्हणाले, आता तुमची वयोमर्यादा ओलांडली, त्यामुळं शिष्यवृत्ती तुम्हाला देता येणार नाही. फार वाईट वाटतं. मग विचारलं, "तुमची मागणी काय आहे?"

मी म्हटलं, "खोट्या पत्रावर जे जे झालं ते सगळं रद्द व्हावं."

"म्हणजे तुमच्या जागी गेलेल्या उमेदवाराची निवडही? तो अजून तिथं शिकतोय. त्याच्या बाबतीत —"

"असेल कुणी सरांचा भाचा-पुतण्या. माझ्या जागेवर बसून दोन-अडीच वर्षं शिकला ना? पुरे झालं."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "नीट विचार करून सांगा. तुम्ही लेखी दिलंत तर आम्हाला तसं करावं लागेल."

मी लेखी दिलं. तिथंच, उभ्या उभ्या. नाव विचारलं नाही. नाव घेऊन मला काय करायचं होतं?

घरी आल्यावर अव्वा म्हणाली, "आता तरी निवलीस?"

नाही, पण निवेन.

३ मे

दिल्लीचं पत्र. निवड रद्द झाल्याचं जर्मनीच्या सरकारला कळवलंय. वाचून पत्र फाइलीला लावलं. मग रजा टाकून घरी आले आणि दुपारभर गाढ झोपले.

२४ जून, सोमवार

कॉलेज उघडलं. प्रवेशाची गर्दी. त्या गर्दीतून एक बाई थेट माझ्या टेबलाशी आली. अनवाणी, टाचा फुटलेल्या, हातात परदेशी तिकिटाचं पाकीट. "घोडके सर कुटं हायती?" म्हटलं, सर आता इथं नसतात. "मग तुमी वाचा की बाई एवढं. मी बजाबाई, करकंबची. पोरगं हाय माजं, भिमा. बाप ऊसतोडीला जायचा, त्यो मेला. सरांनीच पोराला शिकिवलं आन् तिकडं धाडलं. पत्तर आलं की मी येते, सर वाचून दावत्यात."

वाचलं. 'आई, माझ्या आधी एका मुलीचं नाव होतं आणि मला मिळालेली जागा खोटी होती, असं इथं सांगतात. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. शिष्यवृत्ती बंद केली. परीक्षेला दीड वर्ष राहिलं होतं. पुढच्या महिन्यात परत पाठवतायत.' मोठ्यानं मी 'आई' एवढंच वाचलं होतं. बाकीचं मनातच.

"काय म्हंतोय?"

"येतोय म्हणतो."

"भिमा घरला येतोय? लई बेस झालं की!" ती हसली. मग टेबलावरून वाकून माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.