मोठं डबडं, छोटं डबडं

४ जानेवारी, सकाळी सव्वादहा
वाचनालयातून रद्द झालेली नोंदवही आणली. पहिली अकरा पानं भरलेली होती, ती फाडली. आजपासून तुलना सुरू.

विषय नीट लिहून ठेवते, मागाहून घोळ नको. ह्यांच्या कपाटावर एक मोठं डबडं आहे. त्याला डॅक म्हणतात. गाणं कॉम्प्युटरमध्ये आकड्यांत असतं. डबडं त्या आकड्यांचा आवाज करून हेडफोनकडे पाठवतं. एवढंच काम. मोठं विटेएवढं आहे आणि विटेहून जड. दुसरं छोटं, अंगठ्याएवढं, वायरीला लटकतं. तेही तेच काम करतं. छोट्याच्या किमतीत एक जोडी चपला येते, मोठ्याच्या किमतीत चपलांचं दुकान.

हे जाऊन सोळा महिने झाले. ह्यांचे मित्र घड्याळवाले (दुरुस्तीचं दुकान आहे, बोलणं कमी) मोठं डबडं विकत मागताहेत. म्हणाले, वहिनी, घाई नाही, महिनाअखेरीला सांगा. मी म्हटलं, महिनाअखेर कशाला, पंधरा दिवसांत सांगते. पण आधी दोन्ही ऐकून बघणार. वस्तू देताना तिचा गुण आपल्याला माहीत पाहिजे. यात भावनेचा काही प्रश्न नाही.

रोज सकाळी दहा ते साडेदहा. खंड नाही.

५ जानेवारी
टेस्टला ह्यांचं नेहमीचंच रेकॉर्डिंग. एक माणूस व्हायोलिन वाजवतो. सात मिनिटं बावीस सेकंद झाले की कुणाची तरी खुर्ची कुरकुरते. हे म्हणायचे, छोट्यावर नुसती खुर्ची ऐकू येते, मोठ्यावर ती लाकडाची आहे हे कळतं.

छोट्यावर ऐकलं. खुर्ची.
मोठ्यावर ऐकलं. खुर्ची.

नुकतीच डोक्यावरून आंघोळ झाली होती. ओल्या कानांचा रिझल्ट धरत नाहीत.

७ जानेवारी
काल खंड पडला. वाचनालयात चाळीस नवी पुस्तकं आली, कव्हरं घालायची होती. घालता घालता एक अर्धं वाचून झालं. शाळा चौथीत सुटली, पुढचं शिक्षण हे असं कव्हरं घालता घालता झालं. त्यामुळे सवय मोडत नाही.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून एक लिहिते. सहा वर्षांपूर्वी ह्यांनी ही दोन्ही डबडी दुकानातून चार दिवसांच्या बोलीवर घरी आणली. मला टेबलाशी बसवलं, हेडफोन चढवला, स्वतः पाठीमागे उभे राहिले. पिन बदलली आणि विचारलं, पहिला की दुसरा? गॅसवर दूध होतं. मी म्हटलं, दुसरा. पुन्हा बदलली. दुसरा. तिसऱ्यांदाही दुसरा, आणि उठले. दूध उतू गेलं ते गेलंच.

तिन्ही वेळा दुसरं म्हणजे मोठं निघालं. ओटा नवा करायला ठेवलेल्या पैशांतून ते घरात आलं, छोटं स्वस्त म्हणून तेही राहिलं. हे भेटेल त्याला सांगत सुटले, घरात कान हिचा आहे, तीनदा विचारलं, तीनदा बरोबर. लिफ्टची मोटर नुसती ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस, त्याने माझ्या कानाला मान दिला. मग ओट्याबद्दल मी काय बोलणार? कौल माझाच. सहा वर्षं तो तडकलेला ओटा मी तोंड मिटून पुसते आहे.

खरं म्हणजे तेव्हा मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणताना राहून गेलं.

पण कुणी सांगावं, आलंही असेल ऐकू. दुधाच्या गडबडीत लक्षात आलं नसेल. आता शांतपणे ऐकून फरक कळला, की तो तेव्हाचा दुसरा खोटा राहणार नाही. अर्थात हा मुख्य मुद्दा नाही. मुख्य मुद्दा विक्रीचा.

९ जानेवारी, दहा वाजून चाळीस
कळला. फरक कळला. मोठ्यावर व्हायोलिन जवळ येतं, खुर्ची जवळ येते, सगळं भरल्यासारखं वाटतं. छोट्यावर सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं. तीनदा बदलून बघितलं. तीनदा मोठं सरस.

लेकीला ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, आई, मीटिंगमध्ये आहे, कुणाला काही झालं का? मी म्हटलं, काही झालं नाही, फरक कळला. ती म्हणाली, मोठ्याचा आवाज वाढवलेला असेल.

माणसाच्या आनंदावर विरजण कसं घालावं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. बापावर गेलीय.

१० जानेवारी
मोठ्याचा आवाज वाढवलेला होता.

याबद्दल वाचलं. थोडा मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला आवाज वाटतो म्हणे. दुकानदार याचा फायदा घेतात. आमच्या वाचनालयाच्या सेक्रेटरींचंही असंच आहे, मीटिंगमध्ये जोरात बोलतात म्हणून दरवर्षी निवडून येतात.

तर दोन्हींचा आवाज सारखा पाहिजे. फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं. हेडफोनची एक वाटी फोनवर दाबून धरायची आणि आकडा बघायचा. छोटं: एकाहत्तर. मोठं: एकाहत्तरला आणलं, खुणेला नेलपॉलिशचा ठिपका लावला. मग फ्रिज सुरू झाला आणि आकडा शहात्तर. फ्रिज बंद केला. मग वरच्यांचं मिक्सर. वर जाऊन सांगितलं, दहा मिनिटं थांबा, माझी टेस्ट आहे. त्या घाबरून म्हणाल्या, रिपोर्ट कधी मिळणार?

फ्रिज परत सुरू करायचा राहिला. दूध नासलं. या तुलनेत दुधाचं आणि माझं काही जमत नाही.

१४ जानेवारी
तीन दिवस टेस्ट नाही. तयारी चालू होती.

स्वतःच पिन बदलली की कुठलं लावलंय ते आपल्याला ठाऊकच असतं. मग कान प्रामाणिक राहत नाही. त्यासाठी दुसरा माणूस पाहिजे. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना बोलावलं. समजावलं, तुम्ही पाठीमागे उभ्या राहा, हवं ते लावा, मी सांगेन मोठं की छोटं, तुम्ही फक्त लिहून घ्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला कुठलं पाहिजे? मी म्हटलं, ते सांगायचं नसतं. त्या म्हणाल्या, ताई, गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते आधी कळलं तर बरं पडतं, मागाहून उसवावं लागत नाही.

दहा वेळा केलं. पाच बरोबर, पाच चूक.

दहापैकी पाच म्हणजे शंभरात पन्नास. पस्तीसला पास असतं. चांगल्या सेकंड क्लासात पास.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, नाणं उडवलं असतं तरी पाचच आले असते. मी म्हटलं, नाण्याला कान नसतात.

बाईंनाही ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली, म्हणाल्या, फारच फरक आहे हो. कुठला चांगला विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तो. मशीनवर ब्लाउज अर्धा ठेवून आल्या होत्या, डोळा दाराकडे होता. मला त्यांचा राग आला नाही.

१९ जानेवारी
पंधरा दिवस काल संपले. मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली. घड्याळवाल्यांनी मुळात तीच दिली होती, म्हणजे उशीर असा झालेलाच नाही.

दोष कुठे आहे ते सापडलं. हेडफोनच्या गाद्या. ह्यांच्या कानांना बसलेल्या आहेत, दोन्हीकडे त्यांच्या कानाचा खळगा आहे. माझा कान त्यात बुडतो. नव्या गाद्या मागवायच्या म्हणून दुकानाच्या साइटवर गेले, रंग बघितले, आणि मागवल्या नाहीत. काळा रंग शिल्लक नव्हता.

काळा होता. उगाच का लिहिते.

२१ जानेवारी
लेक सुट्टी काढून आली. आज कानाची परीक्षा. फोनवर एक शिट्टी वाजते, बारीक बारीक होत जाते, कुठपर्यंत ऐकू येते ते बघायचं. छान ऐकू येत होती, मग अचानक थांबली. फोन बिघडलेला दिसतो असं लिहायला पेन उचललं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेक ओरडली, आई, ती शिट्टी बंद कर, डोकं उठलं माझं.

कुठली शिट्टी, असं मी विचारलं नाही. बंद केली.

जेवताना ती म्हणाली, तुला काय सिद्ध करायचंय एकदाचं? काकांना ते डबडं देऊन टाक नाहीतर ठेव, पण हा काय उद्योग? मी म्हटलं, विकायचं म्हणजे गुण माहीत पाहिजेत. ती म्हणाली, जुनी वॉशिंग मशीन विकली तेव्हा तू आत बसून बघितलं होतंस का?

हिला उत्तर देण्यात अर्थ नसतो.

२४ जानेवारी
निर्णय. घड्याळवाल्यांना खरं सांगायचं. ते कशाच्या भरवशावर घेताहेत? माझ्या कानाच्या. ह्यांनीच त्यांच्या डोक्यात भरवलं असणार, तीनदा विचारलं, तीनदा बरोबर. एका खोट्यावर ओटा गेला तो माझा होता. आता त्याच खोट्यावर दुसऱ्याचे पैसे घेणं बरं नाही. उद्या चहाला बोलावलंय. दोन वाक्यांत सांगायचं, रडायचं नाही. वाक्यं पाठ केली.

२५ जानेवारी, दुपार
पाठ केलेलं काही आठवलं नाही. चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, भाऊजी, तेव्हा मी दुसरा म्हटलं ते खोटं होतं. मला काही ऐकू आलं नव्हतं. दूध होतं गॅसवर.

घड्याळवाल्यांनी कप खाली ठेवला. मग हसले. बोलणं कमी असलेला माणूस, पण हसणं कमी नाही. चष्मा काढून पुसला. म्हणाले, वहिनी, ते त्याला माहीत होतं.

मी म्हटलं, काय माहीत होतं?

म्हणाले, तो आधीच्या दिवशी माझ्या दुकानात बसून म्हणत होता, हिला घाईत काहीही दोन विचार, ही दुसरं सांगते. भिंतीचा रंग दुसरा. पडदे दुसरे. मुलीचं नाव ठरवायला दोन चिठ्ठ्या काढल्या तर दुसरी. म्हणून त्याने मोठं डबडं तिन्ही वेळा दुसरं लावलं. दूध ठेवायची वेळही बघून ठेवली होती. म्हणाला, एकदा हिच्या तोंडून निघालं की ओट्याचं नाव काढायची सोय हिला राहणार नाही.

मी विचारलं, आणि त्यांना स्वतःला? त्यांना फरक कळायचा?

घड्याळवाल्यांनी कप उचलून चहा संपवला. म्हणाले, तो म्हणायचा कळतो. मी म्हणायचो, नाही कळत. दर रविवारी यावरच भांडण. मला तर अजून कळत नाही.

मग ते विकत का घेताय?

म्हणाले, रविवार मोकळा असतो हो वहिनी.

२६ जानेवारी
प्रचंड राग. सहा वर्षं. सहा वर्षं मी मनात म्हणते आहे, आपण ह्यांना फसवलं. आजारपणातसुद्धा दोनदा ओठांवर आलं होतं, म्हटलं, आता कशाला त्रास द्यायचा. आणि हे पलंगावर पडून माझ्याकडे बघून हसायचे, मला वाटायचं औषधाचा परिणाम.

भांडणाचे मुद्दे काढले. एक, ओटा. दोन, दूध. तीन, चारचौघांत माझ्या कानाची स्तुती. एकूण नऊ झाले. मुद्देसूद लिहिले, वाचून दाखवले. फोटोला वाचून दाखवण्यात मजा नाही, मधे कुणी तोडत नाही.

२७ जानेवारी
दहावा मुद्दा सापडला, सोळा महिन्यांपूर्वीचा. लिहिला नाही.

टेस्ट बंद. आता कशासाठी करायची? घड्याळवाल्यांना निरोप दिला, एकतीसला न्या. आलेल्या पैशांतून ओटा. गवंड्याला फोन केला, तो म्हणाला फेब्रुवारीत येतो. कुठल्या फेब्रुवारीत ते बोलला नाही.

३१ जानेवारी, सकाळ
घड्याळवाले पिशवी घेऊन आले. मी डबडं पुसून ठेवलं होतं. कपाटावर विटेएवढी स्वच्छ जागा राहिली, बाकी धूळ. त्यांनी विचारलं, वहिनी, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. हेडफोन मात्र देणार नाही. ते म्हणाले, मागितला कुणी.

अजिबात वाईट वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

३१ जानेवारी, दुपारी साडेतीन
छोटं डबडं लावलं. टेस्ट म्हणून नाही, असंच. सात मिनिटं बावीस सेकंद झाले, खुर्ची कुरकुरली, आणि बोट सवयीने बंद करायला गेलं. मग वाटलं, चालू दे. पुढे काय आहे ते सहा वर्षांत आम्ही दोघांनी ऐकलंच नव्हतं. पुढे बरंच व्हायोलिन आहे. बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली ती दार वाजलं म्हणून. जोरात, सारखं वाजत होतं. उठले, आले हो म्हटलं, दोन पावलं गेले आणि कानाला हिसका बसला, वायर ताणली, छोटं डबडं टेबलावरून फरशीवर. हेडफोन मानेवर आला तसं दार वाजायचं थांबलं. तरी जाऊन उघडलं. बाहेर कुणी नाही.

परत येऊन शेवट पुन्हा लावला. टाळ्या आहेत. व्हायोलिन संपतं आणि मोठी सभा टाळ्या वाजवते. मी त्याला दार समजले.

छोटं डबडं चालतंय. वस्तू मजबूत आहे.

लेकीला हे सांगणार नाही. कान चांगलाच आहे माझा. दाराकडे असतो, एवढंच.