कचऱ्यातून परत आलेला स्पंज

धाकट्या,

पहाटे कुठे तुझा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मी बाबांना आणायला हॉस्पिटलात जाते आहे.

ते यायच्या आत त्यांची बेस गिटार नव्यासारखी करून घ्यायचा तुझा विचार चांगला आहे. आवाजाचं बटण फिरवलं की खरखरतं, तेवढं कारागिराकडून जरूर दुरुस्त करून घे. पॉलिश उडालं आहे तिथे मात्र त्याला हात लावू देऊ नकोस. जन्मभर बाबांचा हात तिथेच टेकला आहे. आणि तारांच्या टोकाशी, त्या चकचकीत झाकणाखालचा जो स्पंज तू कचऱ्यात टाकलास, तो मी झटकून पुन्हा बसवला आहे. "ताई, तू भंगारवालीच व्हायला हवी होतीस," म्हणशील. म्हण.

गिटारीबरोबर आलेला स्पंज केव्हाच झिजला. हा तुझ्या पाळण्यातल्या गादीचा तुकडा आहे. तू रात्रभर रडायचास आणि बाबांना बँडचा सराव चुकवता येत नसे. स्पंज तारांना टेकला की सूर घुमत नाही, नुसता धुप् होऊन विरतो. त्या धुप्-धुपवर तू झोपायला लागलास. तुला मिशी फुटल्यावर आई म्हणाली, "काढा आता तो." बाबा म्हणाले, "असू दे. घोडा उठला तर?"

कालही त्यांनी गिटारीचं विचारलं नाही. म्हणाले, "संसार मोडून एकटा घरी परत आल्यापासून तो झोपतो का गं?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी ते वाजवायला बसतील. तुझ्या खोलीचं दार उघडं ठेव.

ताई