न फुटलेला पोळा

अकोला, ता. ८ नोव्हेंबर १९३७

तीर्थरूप मामांस,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

आशामामींनी दिवाळीचे अनारसे पाठवले ते पोचले. डबा माझ्या हाती येईपर्यंत घरच्यांनी त्यात नुसता वास शिल्लक ठेवला होता, तरी उपकार मानते.

आता कामाचे. महिनाअखेरीस इथे मोर्णेकाठी लोकगीतांचा मेळावा भरायचा आहे. अध्यक्ष अमरावतीचे बापूसाहेब वकील. थेट अचलपूरपासून गाणारी मंडळी येणार. आम्ही शाळेतल्या मास्तरणी स्वयंसेविका झालो आहोत. मला छातीवर लावायला बिल्ला मिळाला आहे आणि बायकांच्या बाजूचे पाण्याचे माठ. समितीत जो तो आपल्या गावचे कौतुक सांगू लागला, तेव्हा माझ्याही तोंडून निघून गेले की पोळ्याच्या झडत्या म्हणाव्या तर माझ्या खुशालमामांनी आणि त्यांच्या शेजारच्या भगवंतरावांनी. तोरणाच्या एका बाजूने एकाने टोमणा हाणायचा, दुसऱ्या बाजूने दुसऱ्याने तो परतवायचा आणि सारा गाव हसून लोळायचा, हे मी तुमच्या खांद्यावर बसून पाहिले आहे. समितीने लगेच नावे टिपून घेतली. आता तुम्ही दोघे आला नाहीत तर मला बिल्ला काढून ठेवावा लागेल.

तुमचे दोघांचे बोलणे नाही, हे मला ठाऊक आहे. पण झडतीत तर भांडायचेच असते ना?

कळावे. लोभ आहेच, तो या खेपेस आगगाडीत बसवून अकोल्यास आणावा.

आपली भाची,
सिंधू


मौजे पिंपळशेंडा, ता. मूर्तिजापूर
ता. १४ नोव्हेंबर १९३७

चि. सौ. सिंधूस,
अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

पत्र पावले. आमची नावे परस्पर देऊन मोकळी झालीस हे ऐकून तुझी मामी हसत सुटली. म्हणाली, पोरगी मास्तरीण झाली पण तोंडाले झाकण काई आलं नाई.

आमच्या दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ भगवंताने तोडली असे मी म्हणतो, मी तोडली असे तो म्हणतो, आणि त्यावरून आम्ही बोलणे टाकले, हे तुला माहीत आहे. पण तू लहान होतीस, म्हणून एक गोष्ट ध्यानात आली नसेल. आपल्या गावात तोरण बांधलेले असते तोवर कोणाचे वैर चालत नाही. बैल तोरणाखाली उभे राहिले की मी आणि भगवंता बोलून घेतो. आधी झडत्या, मग सुखदुःखाच्या गोष्टी. तोरण तुटले, पोळा फुटला, की बैल आपल्या घरी, आम्ही आपल्या घरी, आणि वर्षभर पुन्हा तोंड फिरवलेले. यंदा पोळ्याला तो तापाने निजून होता. म्हणजे यंदा एक शब्द नाही. त्यात त्याचा मुलगा गोवर्धन त्याला कायमचा नागपुरास न्यायला येणार असे ऐकतो.

सिंधू, तुझ्यापाशी काय लपवू? मला त्याच्याविना करमत नाही. लहानपणापासून एका बांधावर बसून भाकर खाल्लेला माणूस न बोलता निघून जाईल, या धास्तीने कापसाच्या वेचणीतही लक्ष लागत नाही. पण मी त्याच्या दारी जाणार नाही आणि तो माझ्या दारी येणार नाही. तू त्याला वेगळे पत्र घाल. आणि मांडवात आंब्याच्या पानांचे खरे तोरण बांधा. तोरणाबिगर मी तोंड उघडणार नाही.

कळावे. मामाची अब्रू तुझ्या हाती आहे, तेव्हा लोभ नेहमीपेक्षा थोडा जास्त असू द्यावा.

खुशालराव


अकोला, ता. २२ नोव्हेंबर १९३७

तीर्थरूप मामांस,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

भगवंतमामांचे उत्तर आले. लिहितात की खुशाल्या येऊन राहिला असन तर मले यावंच लागते, नाईतर लोक म्हणतीन भगवंता भ्याला. वर तोरण आहे की नाही हे त्यांनीही विचारले आहे. तुम्ही दोघे एकमेकांना न विचारता एकच गोष्ट विचारता, याची मला मोठी मौज वाटली.

तोरण मी स्वतः ओवणार आहे. मूर्तिजापुराहून सकाळच्या गाडीने यावे. दोघे एकाच डब्यात बसावे, तोंडे हवी तर दोन खिडक्यांकडे करावी. पानसुपारी बरोबर असू द्या, मुक्याने बसणे जड जाते.

कळावे. लोभ करता तसाच करावा, आणि मफलर विसरू नये.

सिंधू


अकोला, ता. ३० नोव्हेंबर १९३७

तीर्थरूप मामांस,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? सारे जुने शहर तुमच्या झडत्या म्हणत फिरते आहे. माझा बिल्ला मी अजून काढलेला नाही.

पण आधी माफी मागते. तोरण मी हौसेने खांबांना बांधले, आणि नेमकी वेळ आली तेव्हा बायकांत कोणी पाणी मागितले म्हणून माठांकडे गेले. तेवढ्यात घात झाला. बापूसाहेबांना वाटले, तोरण उद्घाटनाचे आहे. त्यांनी तबकातली कात्री उचलून झडत्यांच्या आधीच ते मधोमध कापले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मला हे कळले तेव्हा हातातला गडू खाली पडला. मी धावत आले तो तुम्ही दोघे मंचावर उभे. तोरणाला मध्ये गाठ, गाठीने ते आखूड होऊन खांबांना पुरेना, म्हणून एक टोक तुमच्या मुठीत आणि दुसरे भगवंतमामांच्या. तुम्ही म्हणालात,

यंदा पोळ्याले आला नाई, निजला गोधडी ओढून,
खुशालरावाचे बैल गेले तोरणाखालून रडून!

लोक हसले. मग भगवंतमामांनी मान वर करून परतवले,

धुऱ्यावरची बाभूळ तोडली, तिचा केला पाट,
पाटावर बसून खुशाल्या पाहे भगवंताची वाट!

हर हर महादेवच्या गजरात मांडव दणाणला. माझ्या शेजारच्या बायका हसून बेजार झाल्या आणि मी मात्र पदराने डोळे पुसत होते.

दोन गोष्टी मला अजून कळल्या नाहीत. तुमच्यात आधी बोलले कोण? आणि शेवटी लोक तोडा, तोडा म्हणून ओरडत असताना तुम्ही तोरण न तोडता गुंडाळून का नेले?

कळावे. लोभ असेल तर उत्तर लवकर यावे, नसेल तरी यावे.

सिंधू


मौजे पिंपळशेंडा, ता. १२ डिसेंबर १९३७

चि. सौ. सिंधूस,
अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

माफी कसली मागतेस? बापूसाहेबांना माझा रामराम सांग. त्यांच्यासाठी तुरीच्या शेंगा पाठवतो, त्या न विसरता पोचव. त्यांच्या कात्रीचे माझ्यावर उपकार आहेत.

तोरण कापलेले पाहून मी मनात म्हटले, फुटला पोळा, राहिले ते राहिलेच. मी खाली उतरायला वळलो, इतक्यात मागून भगवंता ओरडला, अरे खुशाल्या, हे लोक काय करून राहिले बे, झडतीच्या आंधीच पोळा फोडला! मीही बोलून गेलो, सायबाले कोणी सांगतलं नसन बाप्पा. किती वर्षांनी आमचे एका गोष्टीवर एकमत झाले. एक तुकडा त्याने उचलला, एक मी. तापाने त्याचे हात अजून थरथरतात. गाठ बसेना, म्हणून मी तिच्यावर बोट धरले आणि त्याने ती ओढली.

तोरण तोडले असते तर परतीच्या गाडीत पुन्हा मुके बसलो असतो. येताना तसेच बसून आलो होतो. परतताना तोरण दोघांच्या मांडीवर होते आणि मूर्तिजापूर येईपर्यंत भगवंताचे तोंड मिटले नाही. बाभळीवरून पुन्हा भांडलो, पण बोलून भांडलो. सिंधू, तू हे घडवलेस. देव तुझे भले करो.

बाभळीच्या जागी धुऱ्यावर दोन बल्ल्या रोवून ते तोरण बांधले आहे. परवा गोवर्धन बापाला न्यायला आला. भगवंताने त्याला धुऱ्यावर नेऊन तोरण दाखवले आणि म्हणाला, पोळा फुटल्याबिगर मी कसा येऊ बाबू? गोवर्धनने मला विचारले, काका, हा फुटनार कधी? मी सांगितले, तोरण दोघांचं हाये, दोघांचं एकमत झालं म्हंजे फुटन. तो आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहत राहिला आणि एकटाच परत गेला.

पाने वाळून गळू लागली आहेत. भगवंता सकाळीच ताजी पाने आणायला गेला आहे. तो आला की नवी सुतळी लावायची, आणि गाठीवर बोट मी धरायचे.

कळावे. आता तुझ्यावर दोन मामांचा लोभ आहे, तो सांभाळावा.

खुशालराव